षट्कोनातलं तीन नंबर

आंबेखोलच्या रंगांच्या कारखान्याने अधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या षट्कोन वसाहतीत नव्या माणसाला कुठल्या घराचं दार उघडेल, हे तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसाच्या स्वभावावर अवलंबून असे. किल्ली सगळ्या दारांना लागे. कुलूप निघे, कडी सरके. पण दाराला उघडायचं नसलं की ते उघडत नसे. सुरुवातीला सिव्हिल खात्याने सुतार बोलावून दारं तासून घेतली, बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि मग एका बैठकीत हा विषय ‘दुरुस्ती’मधून काढून ‘वाटपा’त टाकला. तेव्हापासून तो वसाहत अधिकारी शरयू तोडणकर हिच्याकडे होता.

वसाहत म्हणजे मधे गोल हिरवळ आणि तिच्याभोवती सहा बैठी घरं. कारखाना उभारणाऱ्या माणसाने ती बेंझिनच्या षट्कोनी रेणूसारखी आखून घेतली होती, कारण त्याचं सगळं पोटपाणी बेंझिनवर चाललं होतं. आणि घरंही बेंझिनसारखीच वागू लागली. सहाही घरांवरून एक ऊब फिरायची, छपरांच्या जराशी वर आणि जोत्यांच्या जराशी खाली. ती कुठल्या एका घराची नव्हती. थंडीत गावातली मांजरं हिरवळीवर येऊन झोपत.

घर रिकामं असलं की त्यात एक राखणदार असे. सहाही राखणदारांचं नाव हरी होतं. भरतीच्या जाहिरातीतच तशी अट असे. नवा माणूस राहायला आला की त्या घरातला हरी वळकटी बांधायचा, आणि ज्या टेम्पोतून नव्याचं सामान आलं त्याच टेम्पोत बसून निघून जायचा.

सहाही घरांत हरी असले की पहिल्या माणसाला कुठलंही दार उघडे. प्रश्न दुसऱ्याचा असे. पहिला माणूस देणारा निघाला तर त्याच्यामुळे ऊब वाढे आणि ती मुख्यतः त्याच्या दोन्ही शेजारच्या घरांत आणि बरोबर समोरच्या घरात जमे. तिथली दारं नुसतं बोट लावलं तरी उघडत. पहिला घेणारा निघाला तर तो ऊब ओढून घेई. ओढायचा सगळ्यांचीच, पण सगळ्यात जास्त त्याच शेजारच्या आणि समोरच्या घरांची. मग त्यातल्या त्यात बरी राहत ती एक घर सोडून पलीकडची दोन. दारं सगळीच जड होत, पण उघडलंच एखादं तर त्या दोनांतलं उघडे. कारखान्यात याचं कोणाला नवल नव्हतं. टोल्यूइनवर नायट्रो चढवताना रिअॅक्टरमध्ये पहिलं घडायचं आणि नायट्रोबेंझिनवर दुसरा नायट्रो चढवताना दुसरं. हेल्परसुद्धा शेजारच्या घराला ऑर्थो, एक सोडून पलीकडच्याला मेटा आणि समोरच्याला पॅरा म्हणत. पोस्टमनला तसा पत्ता चालत असे.

अडचणीची माणसंही येऊन गेली होती. अकाउंट्सच्या मेनका चिटणीस एका हाताने घेत आणि दुसऱ्या हाताने देत. त्या असेपर्यंत वसाहतीतलं प्रत्येक दार कुरकुरत होतं, पण उघडलं तेव्हा त्यांच्या शेजारचं नाहीतर समोरचंच उघडलं. क्रीडाशिक्षक उत्तमराव पोळ दिलदार माणूस, पण वासराएवढे दोन कुत्रे आणि अंगणभर पसरलेली वजनं घेऊन आला. शेजारची दारं उघडायची, पायरीपर्यंत मात्र कोणाला पोचता यायचं नाही. सगळे मुकाट समोरच्या घरात गेले.

माणूस कसा आहे ते नोकरीच्या मुलाखतीत कळत नाही. षट्कोनात ते दारावर कळायचं आणि सगळ्यांच्या देखत कळायचं. म्हणूनच शरयू, तिच्या श्रेणीला तिथलं घर लागू असतानाही, इतकी वर्षं गावात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत राहत होती. विचारलं तर सांगायची, की गिरणीच्या आवाजाशिवाय तिला आता झोप लागत नाही.

मे महिन्यात तिच्याकडे घैसासांचं प्रकरण आलं.

श्रीरंग घैसास सांडपाणी प्रकल्पावर इंजिनिअर होता आणि वृंदा घैसास प्रयोगशाळेत होती. दोघांची कारखान्यातच ओळख झाली, लग्न झालं, सावनी नावाची मुलगी झाली, आणि ती सात वर्षांची असताना दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण कशावरून, हे गावात कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. व्यसन नाही, बाहेरख्यालीपणा नाही. दोघंही देणारी होती, एवढंच. ती दमून आली की तो स्वयंपाक करून ठेवायचा. तो करून ठेवेल म्हणून ती येतानाच बाहेरून घेऊन यायची. मग दोघंही दुसऱ्याला वाढायला बसायची. घ्यायला त्या घरात कोणी नव्हतं.

“आम्हाला दोन घरं हवीत,” वृंदा म्हणाली. “पण शेजारी नकोत. मधली भिंत एकच. तो भिंतीपलीकडून विचारणार, जेवलीस का? आणि मी उत्तर देणार.”

“समोरासमोरही नकोत,” श्रीरंग म्हणाला. “हिचा दिवा दिसत राहिला तर मी रोज बघत बसेन, बंद झाला का ते.”

“म्हणजे एक घर सोडून,” शरयू म्हणाली.

“हो,” वृंदा म्हणाली. “सावनीला एकटीला जाता-येता आलं पाहिजे. गावात बघितली घरं, पण मधून टँकरचा रस्ता जातो.”

सावनी टेबलाखाली बसून शरयूच्या लाल-निळ्या पेन्सिलीने कागदावर काहीतरी रंगवत होती. तिला पेन्सिल कोणी दिली, हे शरयूला आठवत नव्हतं.

“आणि शाळा सुरू व्हायच्या आत जमलं नाही तर?” शरयूने विचारलं.

“मी गुजरातेतल्या कारखान्यात बदली मागितली आहे,” श्रीरंग म्हणाला. “दिवाळीत येईन. आणि मे महिन्यात.”

टेबलाखालचा पेन्सिलीचा आवाज थांबला.

“बरं, तीन नंबर आणि पाच नंबर एकमेकांना मेटा आहेत,” शरयू म्हणाली. “कोणी कुठलं घ्यायचं?”

“तीन हिला द्या, तिथे पाणी चांगलं येतं.”

“मला नको. त्याला द्या. तिथला ओटा उंच आहे, त्याची पाठ धरते.”

“माझ्या पाठीचं तू नको बघू.”

“मग माझ्या पाण्याचं तू कशाला बघतोस?”

शरयूने तीन नंबर श्रीरंगच्या नावावर लिहून टाकलं.

त्या वेळी षट्कोनात एकच माणूस राहत होता. एक नंबरमध्ये गुणवत्ता विभागाचे दिगंबर राजोपाध्ये होते आणि बाकी पाच घरांत हरी. राजोपाध्ये घेणारे होते, अगदी नमुनेदार. दुसऱ्याचं वर्तमानपत्र मालकाच्या आधी वाचत. कोणाच्याही घरासमोरून जाताना थांबून “चहा झालाय का?” असं विचारत, आणि ते त्या घरातल्या माणसाबद्दल नसे. तुम्ही तुमच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागलात तरी बोलणं त्यांच्या गुडघ्यावर संपे. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. त्यांना मिळालेलं पुरत नसे, इतकंच.

शरयूचा हिशोब सरळ होता. राजोपाध्ये एक नंबरला असल्यामुळे तीन आणि पाच ही दोनच दारं उघडण्यासारखी होती, आणि हवी होती तीही तीच दोन.

श्रीरंगचा टेम्पो सकाळी आला. तीन नंबरचं दार अपेक्षेप्रमाणे जड होतं. शरयूने पायरीवर शेगडी पेटवून ठेवायला सांगितली, आणि सगळे हिरवळीवर सतरंजी टाकून बसले. उन्हं उतरायला लागली तेव्हा दार एकदाचं हाललं आणि आतून हरी वळकटी घेऊन बाहेर आला. “जरा गारठा होता,” असं म्हणून तो टेम्पोत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी वृंदाचं सामान आलं. पाच नंबरला शेगडी लावली, दुसरी लावली. वृंदा स्वतः दाराला खांदा देऊन उभी राहिली. दार भिंतीसारखं उभं. आणि मागून आवाज आला म्हणून शरयूने वळून बघितलं, तर दोन आणि चार नंबरची दारं आपसूक किलकिली झाली होती. ती श्रीरंगची दोन्ही बाजूंची शेजारची घरं. थोड्या वेळाने सहा नंबरही हाललं; ते त्याच्या बरोबर समोरचं.

राजोपाध्ये आपल्या व्हरांड्यात श्रीरंगचं वर्तमानपत्र घेऊन बसले होते. “पाच नंबर माझ्यामुळे उघडायला हवं होतं,” ते म्हणाले. आवाजात दुखावल्याची छटा होती. “मी इथे आधीपासून आहे.”

“आधी-नंतरचा प्रश्न नाही, राजोपाध्ये,” शरयू म्हणाली. “देणारा आणि घेणारा दोघंही हजर असले की दारं देणाऱ्याचं ऐकतात.”

“म्हणजे माझं कोणी ऐकत नाही.”

“दारं ऐकत नाहीत. आम्ही ऐकतो.”

यावर राजोपाध्यांनी जरा समाधानाने पान उलटलं.

वृंदा पाच नंबरच्या पायरीवर आपल्या खोक्यांमध्ये बसली होती. श्रीरंग तीन नंबरमधून पाणी घेऊन आला. तिने ते घेतलं नाही, कारण तिने त्याच्यासाठी सरबत आणलं होतं. दोघांच्याही हातातली भांडी भरलेलीच राहिली.

“बघितलंत ना, मॅडम?” श्रीरंग म्हणाला. “मी इथे आहे म्हणून तिला जागा नाही. मी निघतो. गुजरातेतली जागा तयार आहे.” त्याच संध्याकाळी त्याने तीन नंबरची किल्ली परत केली, आणि हरी पुन्हा येऊन दिवा लावून बसला.

वर्क्स मॅनेजर केळुसकर हे शांत गृहस्थ होते. कारखान्यात भोंगा वाजला तरी ते हातातला चहा संपवून मग उठत. शरयू त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि तिने टेबलावरच्या किटलीभोवती सहा बशा मांडल्या.

“तीनमध्ये श्रीरंग गेला म्हणून दोन, चार आणि सहा उघडली,” ती म्हणाली. “ती त्याला गैरसोयीची. पण साहेब, दोन आणि चार एकमेकांना काय लागतात?”

केळुसकरांनी बशांकडे बघितलं. “मेटा.”

“म्हणजे श्रीरंगने तीनमध्ये जायलाच नको होतं. तो दोनमध्ये हवा आणि वृंदा चारमध्ये. किंवा उलट. आणि तीनमध्ये तिसरंच कोणीतरी.”

“देणारं.”

“नुसतं देणारं नाही. राजोपाध्यांनी कितीही ओढलं तरी पुरून उरेल असं. श्रीरंग राहायला आल्यावर तो स्वतःची शेजारची दारं उघडायला बघणार, त्याच्याही वरचढ हवं.”

“सुचवा नाव.”

शरयूने डोक्यातल्या डोक्यात सगळा कारखाना फिरून बघितला. डॉक्टरांचं गावात घर होतं. मेनका चिटणीस निवृत्त झाल्या होत्या, आणि असत्या तरी त्यांच्याने जमलं नसतं. बाकी सगळ्यांची कुठे ना कुठे सोय झालेली होती.

“तुम्ही आहात,” केळुसकर म्हणाले.

“मी?”

“तुमच्या श्रेणीला घर लागू आहे. तुमचा अर्ज कधी आला नाही, इतकंच.”

“साहेब, मी देणारी आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. दारं सांगतील.”

“आणि मी घेणारी निघाले तर?” शरयूने एक आणि तीन नंबरच्या बशा पालथ्या घातल्या. “मग या दोघांच्या ओढाओढीत चार नंबर थंड, दोन थंड, सहा थंड. उघडलंच तर पाच उघडेल. दोघांपैकी एकाला घर, एकाला नाही. आणि तेही सगळ्यांसमोर.”

केळुसकरांनी त्यावर विचार केला. “श्रीरंगची बदली आजही आहेच,” ते म्हणाले. “त्याहून वाईट काही होणार नाही. तुमच्याबद्दल म्हणाल तर, ते तुमचं तुम्ही बघा.” आणि त्यांनी पालथ्या बशा सुलट्या करून एकीत चहा ओतला.

शरयू त्या आठवड्यात नीट जेवली नाही. ती एकटी राहत आली होती; स्वयंपाक एका माणसाचा, पाणी एका माणसाचं. गिरणीवाल्या सुलभावहिनी खाली काही गोडधोड केलं की डबा वर पाठवत आणि शरयू तो घासून पुसून परत देई. रिकामा. डब्यात काय घालून द्यावं हे तिला कधी सुचत नसे, आणि सुचेपर्यंत डबा ठेवून घेणं तिला बरं वाटत नसे. आता तिला ते सगळे रिकामे डबे ओळीने आठवायला लागले.

“वहिनी, मी कशी आहे हो?” तिने जिन्यात उभं राहून विचारलं. “देणारी, की घेणारी?”

सुलभावहिनींनी पदराने कपाळावरचं पीठ पुसलं. “मला काय ठाऊक, ताई? तुमचा कधी त्रास नाही बघा.”

हे उत्तर दोन्हीकडे लागू पडत होतं.

शुक्रवारी सावनी पेन्सिल परत द्यायला ऑफिसात आली. वृंदाने पाठवलं होतं. शरयूने ती घेऊन खणात ठेवली, आणि खणातली खोडरबराची नवी वडी काढून तिच्या हातावर ठेवली.

“मावशी, तुम्ही घाबरलात का?” सावनीने विचारलं.

“हो.”

“कशाला?”

“दारं उघडतात की नाही त्याला.”

“नाही उघडली तर बाबा लांब जाणार.”

“हो.”

सावनीने हे डोक्यात नीट लावून घेतलं. “मग हळू ढकला,” ती म्हणाली.

शरयूने अर्ज लिहिला. अर्जदार ती, शिफारस तिची आणि मंजुरीही तिचीच, त्यामुळे कामाला वेळ लागला नाही.

रविवारी सकाळी तिचा टेम्पो षट्कोनात शिरला. सामान थोडं होतं: एक कपाट, गादी, शिवणयंत्र, दोन खुर्च्या, भांडी. बघायला बरीच माणसं आली होती आणि प्रत्येकजण दुसऱ्याच कामाने आल्यासारखं करत होता. केळुसकर हिरवळ बघत होते. राजोपाध्ये व्हरांड्यात होते. श्रीरंग आणि वृंदा आपापल्या टेम्पोंजवळ, एकमेकांपासून बेताच्या अंतरावर उभी होती. सावनी मधे.

तीन नंबरच्या दाराने वेळ घेतला. राजोपाध्यांच्या ओढीने ते थंड पडलेलं होतं. शरयूने शेगडी लावू दिली नाही. तिने तळवा दाराला लावला आणि हळू ढकलत राहिली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. लोकांनी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकलं. मग दार आत गेलं आणि हरी बाहेर आला. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, वळकटी काखेत मारली आणि तिला वाट दिली.

सामान आत लागलं. टेम्पो हरीला घेऊन गेला. शरयूने आतून दार लोटून घेतलं, कारण बाहेर बघायची तिची हिंमत नव्हती. घर स्वच्छ होतं. ओटा खरंच उंच होता. तिने उगाच नळ सोडला, बंद केला. मग कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसली आणि ऐकत राहिली.

बाहेर शांतता होती. कोणीतरी खोकलं. राजोपाध्ये कोणालातरी स्वतःच्या पाठदुखीबद्दल सांगत होते. शरयूने डोळे मिटले आणि पाच नंबरच्या दाराचा आवाज यायची वाट बघू लागली. तो आला की उठून सगळ्यांसमोर जायचं, आणि काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं.

आवाज आला तो अगदी जवळून, डाव्या हाताच्या भिंतीपलीकडून. बिजागऱ्या पूर्ण फिरून दार मागच्या भिंतीवर आपटल्याचा. ती उठेपर्यंत उजवीकडून तसाच दुसरा. आणि तिने आपलं दार उघडलं तेव्हा हिरवळीपलीकडे, तिच्या बरोबर समोर, सहा नंबरचं दार सताड उघडं होतं.

तीन घरांतून तीन हरी वळकट्या घेऊन एकदमच बाहेर पडत होते.

“आत उभं राहवेना, बाई,” चार नंबरचा हरी कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. “एवढी ऊब झाली.”

शरयू पायरीवर उभी राहिली. काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं, पण ते या प्रसंगाचं नव्हतं. लोक तिच्याकडे बघत होते आणि तिला वाटलं होतं तितकं ते वाईट नव्हतं. केळुसकरांनी हिरवळीवरून मान हलवली आणि ते चहाला निघून गेले.

“दोन नंबर वृंदाचं,” ती शेवटी म्हणाली. “चार श्रीरंगचं. बदलाबदली चालणार नाही.”

“पण चारमध्ये हवा जास्त—” श्रीरंगने सुरुवात केली.

“नाही,” शरयू म्हणाली, आणि तो सामान उतरवायला गेला.

श्रीरंग आधी आत गेला. तो देणारा असल्यामुळे त्याच्या शेजारचं पाच नंबर आता उघडू बघेल, अशी केळुसकरांना शंका होती. पण दोन देणारे असले की दारं जास्त देणाऱ्याचं ऐकतात. पाच नंबर जागचं हाललं नाही. वृंदाला दोन नंबरमध्ये शिरताना दाराला हातसुद्धा लावावा लागला नाही. सहा नंबर तसंच उघडं राहिलं. उघड्या दाराचं घर रिकामं ठेवायचं नाही असा नियम होता, म्हणून दवाखान्यात नुकत्याच रुजू झालेल्या नर्सला ते देण्यात आलं. तिने अर्जसुद्धा केला नव्हता, पण ती आनंदाने आली. पाच नंबरमध्ये शेवटचा हरी राहिला. संध्याकाळी तो हिरवळीला पाणी घाली.

शाळा सुरू झाली. सावनी सोमवार ते गुरुवार दोन नंबरमध्ये आणि पुढे चार नंबरमध्ये राहू लागली. एका घरातून दुसऱ्या घरात जायचं तर शरयूच्या पायरीवरून जावं लागे. सरळ निघून गेली असं क्वचितच होई. तिची दप्तरं, रिबिनी आणि अर्धवट चित्रं बहुतेक तीन नंबरमध्येच सापडत. श्रीरंग आणि वृंदा एकमेकांना आता शरयूच्या व्हरांड्यात भेटत, कधी सावनीला घेताना, कधी सोडताना, आणि दोन-चार वाक्यं बोलून आपापल्या घरी जात. दोघांमधे एक अख्खं घर होतं आणि त्यात कोणीतरी राहत होतं. तेवढं त्यांना पुरत होतं.

वृंदाची देण्याची सवय मात्र गेली नव्हती. ती जाणार कुठे? पण दोन नंबरच्या दुसऱ्या बाजूला एक नंबर होतं. पहिल्या दिवशी तिने घावन केले आणि सवयीने जास्तीचे झाले. भिंतीपलीकडून राजोपाध्यांचा आवाज आला, “काही भाजतंय का?” तिने ताट नेऊन दिलं. त्यांनी ते घेतलं. तिलाच वाढायला बसले नाहीत, उलट काही करून आणलं नाही, नको-नको म्हटलं नाही. घेतलं, खाल्लं आणि म्हणाले, “चटणी जरा तिखट आहे, पण ठेवून जा.”

वृंदा परत आली ती जरा नवलातच. “ताई, त्यांनी सगळं घेतलं,” तिने शरयूला सांगितलं. “काही परत दिलं नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.”

“त्रास होतो का?”

“छे! फार बरं वाटतं.”

तिकडे श्रीरंगही राजोपाध्यांच्या बरोबर समोर होता. तो त्यांची मोटरसायकल दुरुस्त करून देऊ लागला, त्यांच्या पाठीसाठी तेल आणू लागला, आणि आणखी एक वर्तमानपत्र घ्यायला सुरुवात केली ती त्यांना ते वाचायला मिळावं म्हणून. राजोपाध्यांचं वजन वाढलं. एका संध्याकाळी ते शरयूच्या फाटकाशी थांबले. चहा झालाय का, असं विचारलं नाही. नुसतं म्हणाले, “आज पोट भरलंय,” आणि पुढे गेले. त्यांच्या तोंडून हे वाक्य कोणी ऐकलं नव्हतं.

कारखान्यातले रंग एकाच रेणूत देणारे आणि घेणारे गट बसवूनच होत. इथेही देणारे आणि घेणारा असे एकाच रिंगणात नीट बसले, आणि पावसाळा संपता संपता वसाहतीला रंग आला.

आधी कोणाला वाटलं, उन्हाचा असेल. घरांच्या पांढऱ्या भिंती पिवळट दिसू लागल्या. मग छपरं, मग हिरवळीभोवतीच्या विटा. सिव्हिल खात्याने पुन्हा पांढरा रंग दिला. चार दिवसांत तो झेंडूसारखा झाला. कारखान्यातून रंग तपासणारा माणूस आला. त्याने भिंतीचा पोपडा काढून साबणाच्या पाण्यात उकळला, उन्हात ठेवला, घासला, आणि अहवाल दिला की रंग पक्का आहे, धुऊन जाणार नाही. केळुसकरांनी अहवाल वाचून तो विषय ‘दुरुस्ती’मधून काढला. बादलीतलं पाणी तेवढं बिनरंगी राहिलं. हरीला ते बरं वाटलं, कारण त्याला कामात फरक नको होता. सावनीचा शाळेचा पांढरा सदरा पिवळा झाला तेव्हा मुख्याध्यापिका चौकशीला आल्या. त्या हिरवळीवर उभ्या राहिल्या, सगळीकडे बघून घेतलं, आणि गणवेशाच्या नियमात षट्कोनापुरती सूट देऊन गेल्या. जाताना त्यांचा रुमालही पिवळा झाला होता.

शरयूची एक पांढरी सुती साडी होती, बारीक काळ्या काठाची. ती तिने मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातली आणि संध्याकाळी काढायला गेली, तर साडी हळदीच्या कोंबासारखी पिवळीजर्द झाली होती. काठ तेवढे काळे. तिने ती उजेडात धरून बघितली. सुलट आणि उलट दोन्ही बाजूंनी रंग सारखा बसला होता, कुठे डाग नाही, कुठे फिकं नाही. तिने साडी घडी करून इस्त्रीला ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती तीच साडी नेसून ऑफिसला गेली. केळुसकर एका कागदावर सही करायला आले होते. त्यांनी चष्मा वर करून साडीकडे बघितलं.

“शेड चांगली आली आहे,” ते म्हणाले.

“हो,” शरयू म्हणाली, आणि सही कुठे करायची ते त्यांना दाखवलं.